दुकान आणि घर यांच्यामधली भिंत

"बीबीए एलएलबीला घालू का, की आधी बीकॉम आणि मग तीन वर्षांचं लॉ?" बारावीचा निकाल लागला की इचलकरंजीत आमच्या घरी हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते. दारात उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नाही.

आधी वर्षांचा हिशोब. बीकॉम तीन आणि लॉ तीन, म्हणजे सहा. बीबीए एलएलबी, म्हणजे व्यवस्थापन आणि कायदा यांचा एकत्र कोर्स, पाच वर्षांचा. पण एक वर्ष वाचतं एवढ्यासाठी कुणी इकडे येऊ नये. वकिलीचे आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे हा कोर्स मध्येच तोडता येत नाही. तीन वर्षांनी वाटलं की कायदा आपल्याला झेपत नाही, तर नुसती बीबीएची पदवी घेऊन बाहेर पडता येत नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी पाच वर्षांचा शब्द द्यायचा असतो, आणि हे प्रवेशाच्या वेळी फार थोडे लोक सांगतात.

तरी मी पुन्हा हेच शिकेन. का, ते सांगते.

अकाउंट्सच्या सरांनी पहिल्याच तासाला शिकवलं: धंदा वेगळा, मालक वेगळा. मालकाने घरखर्चाला गल्ल्यातून पैसे घेतले तर ती उचल, आणि भांडवल म्हणजे धंद्याचं मालकाला असलेलं देणं. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मला ते लगेच पटलं. मग कायद्याच्या तासाला उलटंच निघालं. एकट्या मालकाचं दुकान असेल तर कायद्याच्या लेखी दुकान आणि मालक एकच. दुकानाचं देणं घरापर्यंत येतं. भागीदारीतही प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला जबाबदार, हिस्सा चार आणे असो की बारा आणे. वहीत जी भिंत पहिल्या दिवसापासून असते, ती कायद्यात उभी राहते कंपनी काढल्यावर. 1897 साली सालोमन नावाच्या बूट बनवणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हेच सांगितलं: 20,007 पैकी 20,001 शेअर त्याच्या एकट्याचे असले, तरी कंपनी ही त्याच्याहून वेगळी व्यक्ती.

हे दोन्ही एका वर्षात कानावर पडलं म्हणून खटकलं. अकाउंट्स आधी संपवून तीन वर्षांनी कायदा शिकले असते, तर मला ते जाणवलं असतं असं वाटत नाही.

आणि मग घरचीच गोष्ट समोर आली. बाबा आणि काकांची भागीदारी, धंदा यंत्रमागाच्या कापडाचा. कराराचा स्टॅम्प पेपर कपाटात होता, फर्मची नोंदणी मात्र कधी केलेली नव्हती. एका व्यापाऱ्याकडे मोठी रक्कम अडकली होती आणि दरवर्षी ती 'येणे' म्हणून पुढच्या वहीत ओढली जायची. ताळेबंदात ती मालमत्ता होती. दुसऱ्या वर्षी आम्हाला 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 69 शिकवलं: नोंदणी नसलेल्या फर्मला कराराचा हक्क बजावण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. मी त्याच रात्री बाबांना फोन केला. नोंदणी नंतर करून दावा लावता येतो, पण मुदतीच्या आत. विकलेल्या मालाच्या पैशासाठी ही मुदत तीन वर्षं. आमचा शेवटचा माल जाऊन चार वर्षं उलटली होती. त्या व्यापाऱ्याने मुदतीत बाकी लिहून, सही करून कबूल केली असती, तर तिथून तीन वर्षं नव्याने सुरू झाली असती. आम्ही मात्र दर दिवाळीला त्याच्याकडून तोंडी वायदा घेऊन परत येत होतो.

ती रक्कम बुडीत खाती गेली. आता फर्मची नोंदणी आहे आणि दर मार्चला बाबा प्रत्येक व्यापाऱ्याची बाकी कबूल केल्याच्या कागदावर सही घेतात.

एक मात्र लक्षात ठेवा, ही सांगड कॉलेज घालून देत नाही. फायनान्सचे सर कलम सांगत नाहीत, कायद्याच्या मॅडम ताळेबंद उघडत नाहीत. दोन्ही वह्या शेजारी ठेवून मुलांनाच बसावं लागतं. ज्यांनी ते केलं नाही, त्यांच्या हाती दोन अर्धवट विषय राहिले. माझ्याच वर्गात असे बरेच होते.

तुमच्या लेकीला नक्की काय करायचंय, हे आधी तिलाच विचारा. कोर्टातच उभं राहायचं असेल, तर बीए एलएलबी किंवा कुठल्याही पदवीनंतरचं लॉ तितकंच चांगलं. घरचा धंदा चालवायचा असेल, तर हा कोर्स जरूर करावा, पण वकिलीची सनद घेताना थांबून विचार करावा. सनद असलेल्या वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही, कामात भाग न घेणारा भागीदार मात्र राहता येतं. कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तरी सनद स्थगित ठेवावी लागते. मी तेच केलं. कंपनीत करार तपासते, आणि शनिवार-रविवारी इचलकरंजीला आले की बाबांच्या वह्या.