आजोबा, नातवंडं आणि कॉमिक-कॉनचा रविवार

सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि सिनेमांच्या चाहत्यांच्या तिथल्या मोठ्या जत्रेला, जाणार म्हटलं की ओळखीतले जाणकार आधी विचारतात, "चारही दिवसांचे बॅज मिळाले का?" बॅज म्हणजे तिथलं प्रवेशाचं तिकीट. फक्त रविवारचे मिळाले असं सांगितलं की "बरं, काहीच नाही त्यापेक्षा ठीक" असा चेहरा करतात. पण बरोबर सात वर्षांचा मुलगा, बारा वर्षांची मुलगी आणि सांगलीहून आलेले सासरे असतील, तर मी रविवारच मागून घ्यायला सांगेन. आयोजकांनी हा शेवटचा दिवस मुलांचा म्हणूनच ठेवलाय. एका दिवसाच्या बॅजमध्ये तो सगळ्यात स्वस्तही असतो.

बॅजची भानगड मात्र वर्षभर आधी सुरू होते. दारात तिकीटखिडकी नाही. आधी लहान मुलं सोडून प्रत्येकाचा मेंबर आयडी काढायचा, तोही मुदतीच्या आत. बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, आयडी काढताना त्यांच्या ईमेलचा पासवर्ड शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. तो शेवटी एलआयसीच्या डायरीत सापडला. मग विक्रीच्या दिवशी ऑनलाइन प्रतीक्षागृहात बसायचं. तिथे पहाटेपासून ठाण मांडून काहीच उपयोग नसतो. वेळ झाली की आत असलेल्या सगळ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे क्रम मिळतात. एकाला स्वतःसकट तिघांचे बॅज घेता येतात, फक्त बाकीच्यांचा मेंबर आयडी आणि आडनाव हाताशी हवं. म्हणून मी आणि नवरा दोन खोल्यांत दोन लॅपटॉप घेऊन बसलो. ज्याचा नंबर आधी लागेल त्याने तिघांचे घ्यायचे. त्याचा लागला. तोवर बाकीचे वार संपत आले होते, त्यामुळे निवडीचा प्रश्नच उरला नाही. साठीच्या पुढच्यांना अर्धे पैसे आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट, त्यामुळे पाच जणांचं खटलं अडीच तिकिटांत बसलं. मोठ्यांचे बॅज टपालाने घरी आले, मुलांचे तिथे गेल्यावर मिळाले.

आम्ही अर्व्हाइनला राहतो. गाडी नेली तर पार्किंगपायी जीव जातो, म्हणून सकाळच्या पॅसिफिक सर्फलायनर रेल्वेने निघालो. सॅन क्लेमेंटेजवळ रूळ अगदी समुद्राला चिकटून जातात. तेवढा वेळ दोन्ही मुलं भांडायची थांबली. सॅन डिएगोच्या सांता फे डेपो स्टेशनला उतरून ग्रीन लाइनची ट्रॉली, म्हणजे ट्राम, पकडली की कॉमिक-कॉन भरतं त्या कन्व्हेन्शन सेंटरच्या दारात.

बाबांनी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून हयात काढली. सेंटरसमोरच्या हार्बर ड्राइव्हवरची गर्दी बघून ते रस्त्याच्या कडेला थांबलेच. एकीकडे भोंगा घेऊन पापपुण्य सांगणारे, दुसरीकडे पंख लावलेल्या बायका, मध्ये रूळ आणि रुळांवरून गाडी येतेय म्हणून सगळ्यांना अडवून धरणारे पोलीस. "आषाढीला पंढरपूरला जादा गाड्या सोडायचो तेव्हा असं असायचं," म्हणाले, "पण हे लोक ढकलत नाहीत." आत जाताना बॅज यंत्राला टेकवायचा असतो. तो टेकवला की काय होतं, कोण मोजतं, याची चौकशी त्यांनी दारावरच्या स्वयंसेवकाकडे मोडक्या इंग्रजीत पुरी केली. मागे रांग थांबली होती, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

मुलाला स्पायडरमॅन व्हायचं होतं. मागून चेन लावायचा अखंड सूट मी घेतलाच नाही, वेगळा शर्ट आणि वेगळी पँट घेतली. स्वच्छतागृहाच्या रांगेत एक बाई घामाघूम होऊन आपल्या पोराला अशा अखंड सुटातून सोलून काढत होती आणि ते पोर पाय आपटत होतं. लहान मुलांना पोशाख करायचा तर दोन तुकड्यांत करावा, आणि मुखवटा कपाळावर सरकवता येईल असा हवा. मुलीने पुठ्ठ्याची, वर चंदेरी कागद लावलेली तलवार आणली होती. तीसुद्धा तपासणीच्या टेबलावर गेली. तिथल्या माणसाने ती गंभीरपणे उलटीपालटी केली, टोक बोटाने वाकवून बघितलं आणि खूण बांधून परत दिली. मुलीला त्या खुणेचं इतकं अप्रूप की ती अजून निघालेली नाही.

हॉल एच नावाची साडेसहा हजार लोक मावणारी खोली आहे, मोठमोठ्या सिनेमांच्या घोषणा तिथे होतात. तिच्यासाठी लोक रात्ररात्र बाहेर झोपतात. मुलं बरोबर असताना तिचं नावही काढू नये. त्याऐवजी आम्ही वरच्या मजल्यावर मुलांसाठीच्या एका कार्यक्रमाला बसलो. इथली एक गोष्ट माहीत असलेली बरी: एक कार्यक्रम संपला म्हणून खोली रिकामी करत नाहीत. बसलेले बसूनच राहतात. त्यामुळे हवा असलेला कार्यक्रम गाठायचा तर त्याच्या आधीच्यालाच जाऊन बसायचं. आम्ही तसंच केलं. आधीचा विषय काय होता ते मला सांगता येणार नाही, बाबांनी तेवढ्यात डुलकी काढली. नंतर एक चित्रकार कॅमेऱ्याखाली कागद ठेवून पोरं ओरडतील ते काढत होता. "शार्क!" "त्याला चष्मा!" "तो दाताच्या डॉक्टरकडे!" आमच्या चिरंजीवांनी ओरडून शार्कच्या हातात डबा द्यायला लावला.

दुपारी तोच डबा आम्हीही उघडला. आतलं खाणं महाग आणि रांगा लांब. सेंटरच्या मागच्या बाजूला खाडीकडे तोंड करून मोकळी जागा आणि पायऱ्या आहेत, समोर बोटी लागलेल्या. तिथे बसून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं खाल्लं. शेजारी 'स्टार वॉर्स'मधल्या जेडाय योद्ध्यांच्या वेशातले तिघे पिझ्झा खात बसले होते. आत हॉलमध्ये मात्र बसायचं नावही काढू देत नाहीत. वाटेत फोटोसाठी थांबलं तरी "चालत राहा, चालत राहा" सुरू होतं.

रविवारचं खरं सुख दुपारनंतर कळतं. विक्रेत्यांना उरलेला माल परत वाहून न्यायचा नसतो. जुन्या कॉमिक्सची लांबलचक खोकी घेऊन बसणाऱ्यांकडे भाव उतरायला लागतात, आणि न उतरल्यास विचारलेलं चालतं. बाबा तिथे तासभर रमले. चांदोबा आणि अमर चित्रकथेवर वाढलेला माणूस. त्यांना यातला एकही नायक धड ओळखू येत नव्हता, पण कागद चोळून बघणं, मागचं पान आधी उघडणं, छपाईला नावं ठेवणं सगळं अगदी सवयीचं. त्यांनी काउबॉयचे चार अंक निवडले आणि पाचवा वर घालायला लावला, बोटांच्या खुणांनी.

मुलीला मात्र आर्टिस्ट्स अ‍ॅलीत जायचं होतं. स्वतंत्रपणे काम करणारे चित्रकार तिथे आपापली टेबलं मांडून बसतात. ती स्वतः कॉमिक काढते, वही सोबत होती, पण दाखवायची म्हटल्यावर माझ्या पाठीमागे गेली. एका चित्रकर्तीसमोर गिऱ्हाईक नव्हतं. तिने वही मागून घेतली आणि एकेक पान नीट पाहिलं. एका पानावर थांबून म्हणाली, "हा बोलतोय तो फुगा डावीकडे घे, वाचणारा आधी तिकडे बघतो." मग पेन्सिलीने हलकीशी रेघ मारून दाखवली. गर्दीच्या दिवशी तिला एवढी सवड मिळाली असती असं मला वाटत नाही. मी तिचं एक पुस्तक घेतलं, नवऱ्याने काही न बोलता दुसरंही घेतलं.

पाचला प्रदर्शन बंद झाल्याची घोषणा झाली तेव्हा सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत टेबलांवरचे कपडे निघायला लागले आणि चिकटपट्टीच्या गुंडाळ्यांचा करकर आवाज सुरू झाला.

परतीच्या गाडीत मुलगा झोपला. नवरा पुढच्या वर्षीचा हिशेब मांडत होता: यंदा ज्यांनी पैसे भरून बॅज घेतला त्यांना पुढच्या वेळी वेगळ्या, आधीच्या विक्रीत नशीब आजमावता येतं. फुकटच्या बॅजवाल्या मुलांना तसा हक्क नाही. शिवाय ऑक्टोबरमध्ये मुलीला तेरा पूर्ण होतील, म्हणजे तिलाही मेंबर आयडी आणि अर्धं तिकीट.

"मग तिचं नि माझं तिकीट एकाच भावाचं की," बाबा म्हणाले, आणि स्वतःचा पासवर्ड तिच्या वहीत शेवटच्या पानावर लिहायला लागले.