एवढे फ्लोट असताना जहाज कशाला?

“आता समुद्रात हजारो फ्लोट, म्हणजे आपोआप खाली-वर जात मोजमाप करणारी यंत्रं, सोडलीत, वरून उपग्रह बघतायत. मग आठवडेच्या आठवडे जहाजावर राहून बाटल्यांत पाणी कशाला भरता?” समुद्रातला कार्बन मोजायला जाते असं सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या सुरात थोडी काळजीही असते, की या बाईंना ही बातमी कुणी दिलीच नाही की काय. एरवी मी “गरज असते” एवढं म्हणून विषय बदलते. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

उपग्रहांचं आधी उरकून टाकू. उपग्रहाला पृष्ठभागाचं तापमान कळतं, रंग कळतो, खारटपणाचा अंदाज येतो. पाण्यात विरघळलेला कार्बन त्याला दिसत नाही. तापमान आणि रंगावरून पृष्ठभागावरच्या कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधतात, पण ते गणित बसवलंय जहाजांनी केलेल्या मोजमापांवर. आणि पृष्ठभागाच्या खाली सरासरी पावणेचार किलोमीटर पाणी आहे, ते उपग्रहाच्या नजरेत येतच नाही.

फ्लोटचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. त्यासाठी आकडे बघावे लागतील.

एक किलो समुद्राच्या पाण्यात विरघळलेला अजैविक कार्बन वरच्या थरात साधारण २००० मायक्रोमोल (रेणूंची संख्या सांगायचं एकक) असतो, उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यात २३०० च्याही पुढे जातो. यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास बायकार्बोनेट, उरलेला बहुतेक कार्बोनेट. नुसत्या कार्बन डायऑक्साइडच्या रूपात एक टक्काही नसतो. माणसाने जाळलेल्या इंधनामुळे वरच्या पाण्यात दरवर्षी यात जी भर पडते ती साधारण एका मायक्रोमोलची. दोन हजारांत एक! ऋतू बदलला, खालचं पाणी वर आलं, सूक्ष्म वनस्पती फोफावल्या की हाच आकडा दहा-वीस-पन्नासने सहज हलतो. त्या सगळ्या हालचालीखालची ही एकेकाची वाढ पकडायची, तर मोजमाप २ मायक्रोमोलच्या आत बरोबर हवं, पीएच ०.००३ च्या आत. तेही आज या जहाजावर आणि दहा वर्षांनी दुसऱ्या जहाजावर, दुसऱ्या माणसांच्या हातून. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या इलेक्ट्रोडवर पीएच मोजला असेल, तर ती पद्धत इथे कामाची नाही. आम्ही पाण्यात मेटा-क्रेसॉल पर्पल नावाचा रंग घालतो आणि ४३४ आणि ५७८ नॅनोमीटरचा प्रकाश त्यात किती शोषला जातो त्यावरून पीएच काढतो. त्या रंगातही अशुद्धी असली की उत्तर बिघडतं, म्हणून तो शुद्ध करून घ्यावा लागतो.

मोजता येतात अशा गोष्टी चार: एकूण अजैविक कार्बन, अल्कलिनिटी, पीएच आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब. तापमान, खारटपणा वगैरे माहीत असेल तर चारांपैकी कुठल्याही दोन मोजल्या की बाकीच्या गणिताने निघतात. माझी आवडती अल्कलिनिटी. आम्लाला पुरून उरण्याची पाण्याची क्षमता, असं ढोबळमानाने म्हणू. हवेतून कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरला तर एकूण कार्बन वाढतो, पण अल्कलिनिटी जागची हलत नाही. शिंपल्या-कवचांचं कॅल्शियम कार्बोनेट विरघळलं तर कार्बन एकाने वाढतो आणि अल्कलिनिटी दोनाने. म्हणजे दोन्ही मोजले की कार्बन कुठून आला याचा माग लागतो.

आता बाटल्या. मोठ्या मोहिमेत साधारण तीस-तीस सागरी मैलांवर जहाज थांबतं. चोवीस किंवा छत्तीस निस्किन बाटल्यांचा (हव्या त्या खोलीवर बंद करता येणाऱ्या) रोझेट, म्हणजे त्या बसवलेली गोल चौकट, विंचच्या दोरावरून तळापर्यंत सोडतात आणि वर घेताना ठरलेल्या खोलींवर एकेक बाटली बंद करतात. पाच-सहा हजार मीटर पाणी असेल तर जाऊन येऊन तीन-चार तास. तो डेकवर आला की सगळे आपापल्या बाटल्या घेऊन रांगेत. क्रम ठरलेला असतो आणि त्यावरून वादही होतात: क्लोरोफ्लुरोकार्बनवाले पहिले, मग ऑक्सिजन, मग आम्ही, मग पोषकद्रव्यं, खारटपणा सगळ्यांत शेवटी. जो वायू लवकर निसटतो तो आधी. कुणी मध्ये घुसू नये म्हणून एकजण फक्त तक्ता घेऊन उभा असतो आणि कुठल्या बाटलीवर कोणाचा नंबर ते पुकारतो. रात्री दोनला या माणसाशी हुज्जत घालू नये.

खोल पाण्यात कार्बन डायऑक्साइडचा दाब हवेतल्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो, म्हणून हवेशी गाठ पडायच्या आत पाणी बाटलीत जायला हवं. नळी काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकवायची, पाणी खालून वर चढू द्यायचं, भरपूर ओसंडू द्यायचं. एकही बुडबुडा चालत नाही. मग एक टक्का जागा मुद्दाम रिकामी ठेवायची, कारण हे पाणी तळाचं, दोन-तीन अंश तापमानाचं. प्रयोगशाळेत ते तापून प्रसरण पावतं, आणि जागा ठेवली नसेल तर बूच उडतं. मग मर्क्युरिक क्लोराइडच्या संपृक्त द्रावणाचे ०.१ मिलिलिटर, अर्ध्या लिटरला. हे जहाल विष. ते घातलं नाही तर बाटलीतले जीवाणू श्वसन करत राहतात आणि आपण समुद्राऐवजी त्यांचा कार्बन मोजतो. हातमोजे घालायचे, उरलेलं सगळं पाणी वेगळ्या पिंपात साठवून किनाऱ्यावर न्यायचं. पारा घालून समुद्राची तब्येत तपासायची हे मला अजूनही खटकतं, पण इतकं खात्रीचं दुसरं काही अजून रुळलेलं नाही.

एकूण कार्बन मोजणारं यंत्र म्हणजे कुलोमीटर. नमुन्यात फॉस्फरिक आम्ल घातलं की बायकार्बोनेट आणि कार्बोनेट दोन्ही कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतात. नायट्रोजनच्या झोताबरोबर तो वायू एका काचपात्रात जातो. तिथे इथेनॉलअमाइनचं निळं द्रावण असतं. वायू त्यात शोषला गेला की निळा रंग फिका पडतो, आणि यंत्र विजेचा प्रवाह सोडून तिथल्या तिथे अल्कली तयार करत राहतं, रंग पूर्ववत होईपर्यंत. किती वीज लागली ते मोजलं की कार्बनचे रेणू मोजून झाले. फॅरडेचा नियम (जेवढी वीज, तेवढं रसायन), दुसरं काही नाही. एका नमुन्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, त्यामुळे एका रोझेटचं काम संपायच्या आत पुढचं स्टेशन येतं. गंमत म्हणजे उत्तर दर किलोमागे द्यायचं असतं आणि हलत्या जहाजावर अचूक तराजू चालत नाही. ठरावीक तापमानाला ठेवलेल्या पिपेटचं आकारमान माहीत असतं, घनता खारटपणावरून काढायची, आणि त्यातून किलो.

यंत्र खरं बोलतंय हे कशावरून? कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने समुद्राचंच पाणी गाळून, निर्जंतुक करून, विष घालून बाटल्यांत भरायला सुरुवात केली. त्यातला कार्बन वेगळ्या पद्धतीने, निर्वातात वायू काढून तपासलेला असतो. १९९० च्या दशकापासून जगभरचे लोक हेच पाणी आपापल्या यंत्रांत घालून बघतात. त्याआधीच्या, १९७० च्या दशकातल्या जिओसेक्स मोहिमांच्या आकड्यांत नंतर दुरुस्त्या कराव्या लागल्या. हे संदर्भ-पाणी आलं आणि दोन वेगवेगळ्या देशांच्या मोहिमांच्या आकड्यांची वजाबाकी करता येऊ लागली. पण सगळ्या जगाने एका प्रयोगशाळेवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. २०२० मध्ये कोविडमुळे तिथलं काम थांबलं तेव्हा अनेकांना उरलेल्या बाटल्या पुरवून पुरवून वापराव्या लागल्या.

त्या वजाबाकीतून काय हाती आलं? १८०० ते १९९४ या काळात समुद्राने माणसाने सोडलेला सुमारे ११८ अब्ज टन कार्बन पोटात घेतला. पुढच्या तेरा वर्षांत, २००७ पर्यंत, आणखी ३४ अब्ज टन, म्हणजे त्या काळातल्या उत्सर्जनाचा ३१ टक्के. यातला बराचसा पृष्ठभागाखालच्या पाण्यात आहे, जिथे मुळातच सडलेल्या प्लवकांचा कार्बन भरपूर. तो वेगळा काढायचा तर किती ऑक्सिजन वापरला गेला, नायट्रेट-फॉस्फेट किती आहे, पाणी पृष्ठभागावरून कधी खाली गेलं, हे सगळं लागतं. आणि ते त्याच बाटलीतल्या पाण्यातून लागतं. डेकवरची रांग त्यासाठी.

आता फ्लोट. जैव-रासायनिक फ्लोट दर दहा दिवसांनी २००० मीटरवरून वर येतो आणि चार-पाच वर्षं हे करत राहतो. पीएच मोजतो, ऑक्सिजन मोजतो, नायट्रेट मोजतो. दक्षिण महासागरात ऐन हिवाळ्यात, जिथे जहाज जात नाही तिथे, तो असतो. मला त्याचं कौतुकच आहे. पण त्याला अल्कलिनिटी मोजता येत नाही. ती खारटपणा-तापमानावरून अंदाजाने काढतात, आणि ते सूत्र जहाजांच्या आकड्यांवरून बसवलेलं. पीएचचा सेन्सर हळूहळू सरकत जातो. तो सुधारायला १५०० मीटरच्या आसपासचं, फारसं न बदलणारं पाणी धरतात आणि तिथे पीएच किती असायला हवा हे जहाजांच्या आकड्यांवरून ठरवतात. फ्लोट हे घड्याळ असेल, तर ते लावायला रेडिओवरची वेळ आमच्याकडून जाते.

हा बारकावा किती महाग पडतो ते दक्षिण महासागरातच दिसलं. २०१८ मध्ये फ्लोटच्या आकड्यांवरून असं निघालं की तिथला समुद्र हिवाळ्यात धरला होता त्याहून बराच जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. २०२१ मध्ये विमानातून घेतलेल्या हवेच्या मोजमापांनी उलटं सांगितलं, तिथे कार्बन भरपूर शोषलाच जातो. वाद पूर्ण मिटलेला नाही. पीएचमध्ये ०.००५ ची चूक असली तर कार्बन डायऑक्साइडचा दाब एक टक्क्याहून थोडा जास्त, म्हणजे चार-पाच मायक्रोअॅटमॉस्फिअरने चुकतो. हवा आणि समुद्र यांच्या दाबातला जगभरचा सरासरी फरकच मुळात त्याच पल्ल्यातला आहे.

आणि आमच्याही घरात सगळं आलबेल नाही. एकूण कार्बन आणि अल्कलिनिटीवरून काढलेला पीएच आणि थेट मोजलेला पीएच तंतोतंत जुळत नाहीत. कमी पीएचच्या, खोल पाण्यात हा फरक ०.०१ च्या आसपास जातो. रंगाच्या गुणधर्मात खोट आहे, समतोल-स्थिरांकांत (एकावरून दुसरं काढायच्या गणितातल्या ठरलेल्या आकड्यांत) आहे, की पाण्यातली सेंद्रिय आम्लं अल्कलिनिटीत मिसळतात, यावर एकमत नाही. फ्लोट सुधारताना दोन्हींपैकी कुठला पीएच खरा धरायचा, यावर त्याचं उत्तर हलतं. हे कोडं फ्लोट वाढवून सुटणार नाही. एकाच बाटलीतल्या पाण्यावर तीन-चार पद्धती शेजारी शेजारी चालवूनच सुटेल.

म्हणून फ्लोट समुद्रात सोडायचा असतो तेव्हा जहाज त्याच जागी रोझेटही खाली सोडतं आणि फ्लोटच्या पहिल्या फेरीचे आकडे त्या पाण्याशी ताडून बघतात. एकूण कार्बन आणि अल्कलिनिटी पाण्यातच मोजणारी यंत्रं बनवायचे प्रयत्न चालू आहेत. त्यातलं एखादं दोन हजार मीटरवर पाच वर्षं २ मायक्रोमोलच्या आत टिकलं, तर रात्रपाळी सोडायला मी एका पायावर तयार आहे. ते टिकलं की नाही हे तपासायला मात्र कुणीतरी शेजारी बाटली भरायला लागेल.