तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मी एकटीच गेले

"परक्या देशात, अनोळखी ट्रकवाल्याबरोबर एकट्या कशा हो गेलात?" भिशीत, हळदीकुंकवाला, गंगापूर रोडला भाजी घेताना, जिथे जावं तिथे हेच. त्या 'कशा हो'मध्ये काळजी चार आणे असते. उरलेले बारा आणे कसले, ते मला कळतं.

"मेकॅनिक बोलवायचा ना!" कसाऱ्याला गाडी तापली की कुणीतरी पाण्याचा कॅन घेऊन धावतं, त्यावरून तुम्ही बोलता. आम्ही ऑस्ट्रेलियात लेकीची जुनी गाडी घेऊन पर्थहून ॲडलेडला निघालो होतो. वाटेत नलारबोरचं माळरान. त्यात बॅलडोनिया ते कैगुना या टप्प्यात रस्ता १४६.६ किलोमीटर नाकासमोर जातो, एक वळण नाही. गाव नाही, मोबाइलला रेंज नाही. पंप, खानावळ आणि मुक्कामाच्या खोल्या मिळून एक रोडहाऊस, तेही टप्प्याच्या या टोकाला एक, त्या टोकाला एक. मध्येच रेडिएटरचा होज फाटला. पिण्याचं पाणी भरपूर होतं, पण फाटक्या पाइपात ओतून काय उपयोग?

"मग दोघांनी थांबायचं." तिथेही हेच सांगतात, गाडी सोडू नका. पण ते पायी निघणाऱ्यांसाठी, असं माझं म्हणणं. दोन ट्रेलरवाला ट्रक थांबला, केबिनमध्ये एकच सीट रिकामी होती. ह्यांचा गुडघा बदललेला, त्या पायऱ्या चढणं जमलं नसतं. इंग्रजीही माझंच बरं. म्हणून मी गेले. हे उत्तर मी सगळ्यांना देते आणि त्यात खोटं काही नाही.

फक्त अर्धं आहे.

ट्रकवाला म्हणाला होता, तुम्ही इथेच थांबा, मी कैगुनाला निरोप देतो. वाटेत ट्रकमधल्या रेडिओवर, चॅनल ४० वर, दुसऱ्या ट्रकवाल्यांनाही सांगत जातो. म्हणजे आमच्यापैकी कुणीच जायची गरज नव्हती. पण आमचं सकाळपासून वाजलं होतं. कशावरून ते सांगणार नाही, गाडीवरून नव्हतं एवढं खरं. हे बॉनेट उघडून उभे, चेहऱ्यावर माश्या बसताहेत, त्या हाकलत नाहीत आणि माझ्याशी बोलत नाहीत. तो अबोला घेऊन तापलेल्या पत्र्यात आणखी काही तास काढायचे? मीच ट्रकवाल्याला विचारलं, मी येऊ का? ह्यांच्याकडे पाहिलं तर ह्यांनी नुसती मान हलवली. मी पर्स उचलली आणि वर चढले.

भीती वाटली का? दार लागलं तेव्हा वाटली, नाही कशाला म्हणू. पण त्याचा पहिला प्रश्न होता, "नवऱ्याकडे पाणी आहे का?" आहे म्हटलं. "टोपी?" टोपी माझ्या मांडीवर होती. ह्यांची. पर्सबरोबर कशी उचलली गेली कोण जाणे. दोन ट्रेलर मागे ओढणारा ट्रक टोपीसाठी वळवा, असं कुठल्या तोंडाने सांगणार? त्यानेही विषय पुढे नेला नाही, रेडिओवर कुणाशी तरी बोलला. कैगुना येईपर्यंत मी ती टोपी हातात धरून बसले. तेव्हापासून तो माणूस कोण, कसा, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. मनात होतं ते ऊन.

पुढे टोचन गाडी गेली, मीही तिच्यात बसून गेले, ह्यांना घेऊन आलो, होज बदलला. हे गाडीच्या सावलीत बसून राहिले होते, ठणठणीत होते.

मी रागात त्यांना एकटं टाकलं की मदत आणायला गेले? तेव्हाच्या मला विचाराल तर ती म्हणेल, दोन्ही, आणि त्यात काय बिघडलं? मी तिच्याशी अजून भांडते, आणि कधीकधी तिचंच खरं वाटतं. पण 'त्यांना तिथे एकटं सोडून कशा गेलात' असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. तुम्हाला माझी अब्रू दिसते, ह्यांचं उघडं डोकं दिसत नाही.

हे मात्र पाहुण्यांना ऐटीत सांगतात, "मीच हिला पाठवलं." पाहुणे गेल्यावर यावर आमचं परत वाजतं.