गंजलेल्या पद्मिनीला हातानं घडवलेलं ठिगळ
कोल्हापूरच्या पावसात जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या दाराखालच्या पट्टीला फुगे आले, की समजायचं आतला पत्रा गेला. त्यावर नुसती पुट्टी थापू नका हो! ती ओल धरते, गंज आत पसरतच राहतो. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. पुठ्ठ्याचा नमुना काढून २० गेज जाडीच्या सीआरसी (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याचं ठिगळ कापा; पत्रा उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात शोधा. कोपरे गोलच हवेत. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीनं हळूहळू बाक द्या. ठिगळ आणि कापलेली कड यांतली फट १ मिमीच्या आत. मिग वेल्डिंगचे (तारेनं करायच्या विजेच्या वेल्डिंगचे) टाके समोरासमोर, इंचाइंचावर. आधीचा हाताला सोसेल इतका गार झाल्यावरच शेजारचा. वेल्डिंग सलग ओढलं, की पत्रा तापून लाटा धरतो. मग आतून प्रायमर, त्यावर मेण. पाणी निचरायची भोकं मात्र बुजवू नका.