मांजर मूळचं नव्हतं

जपानमधल्या क्योतोतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये चार पॅनेलचा एक ब्योबू, म्हणजे घडीचा चित्रपडदा, दुरुस्तीला आला होता. त्यावर एक मांजर होतं. पांढरं, तळहातात मावेल एवढं, गळ्यात लाल पट्टा. ते मूळ चित्रातलं नाही हे कळलं, आणि तेव्हापासून तो विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

प्रसंग 'गेंजी मोनोगातारी' या जुन्या जपानी कादंबरीच्या 34व्या प्रकरणातला. मुरासाकी शिकिबूनं अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या त्या 54 प्रकरणांत चित्रकारांचा हा लाडका प्रसंग. चेरीच्या झाडांखाली दरबारी तरुण केमारी खेळताहेत. चेंडू पायानं उडवत ठेवायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही, असा तो खेळ. एवढ्यात घरातून एक छोटं मांजर उधळतं, त्याची दोरी बांबूच्या पट्ट्यांच्या पडद्यात अडकते, पडदा वर जातो आणि खेळणाऱ्यांतल्या काशिवागीला आत उभी असलेली, कथानायक गेंजीची तरुण पत्नी दिसते. त्या एका नजरेतून पुढचं सगळं घडतं. शेवटी दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून मांडीवर घ्यायची वेळ गेंजीवर येते. तेव्हाच्या प्रेक्षकाला हे पाठ असायचं. चेंडू, पडदा, मांजर एवढं दिसलं की काम झालं.

ब्योबूचं सोनं बघून लोक हरखतात, पण खरी कारागिरी आत असते. सुगी नावाच्या जपानी झाडाच्या लाकडाची हलकी जाळी, तिच्यावर हातकागदाचे थर, गव्हाच्या सत्त्वाची खळ. पहिला थर घट्ट ताणलेला, जाळी जखडून ठेवणारा. वरच्या थरांत छोट्या कागदांच्या फक्त कडांना खळ लावायची, मधला भाग सुटा ठेवायचा. चित्र त्या हवेच्या गादीवर असतं, म्हणून दमट हवेत लाकूड हललं तरी कागद फाटत नाही. बिजागऱ्यासुद्धा कागदाच्या, पुढे-मागे दोन्हीकडे वळणाऱ्या. त्यामुळे पॅनेलं एकमेकांना भिडतात आणि चित्र सलग दिसतं. धातूच्या बिजागरीला हे जमत नाही. मागे कुणीतरी एका कोपऱ्यात फेव्हिकॉलसारखं काहीतरी थापलं होतं. ते सोडवताना मी मराठीत जे बोलले ते बरं झालं कुणाला कळलं नाही.

चित्र सांगाड्यावरून सोडवून लाइट टेबलावर ठेवलं, तर चारही पॅनेलांवर एकाच उंचीवर गोल ठिगळं दिसली. म्हणजे ही मूळची सरकती दारं. दार ओढायला बोटं घालायची धातूची वाटी बसवतात, तिची ती भोकं. दारांचे ब्योबू झालेले बरेच सापडतात, त्यात नवल नाही. तीन ठिगळं सोनेरी ढगात होती. तिथं वर्खाचे चौकोन एकमेकांवर चढतात त्या रेषा जुळत नव्हत्या, एवढंच.

चौथं ठिगळ नेमकं मांजराखाली. अख्खं मांजर, शेपटीसकट, त्या गोलात. आजूबाजूच्या कपड्यांवरच्या शिंपल्यांच्या पांढऱ्या रंगाला मायक्रोस्कोपखाली बारीक तडे दिसत होते, मांजराचा पांढरा गुळगुळीत. त्याच पॅनेलच्या दुसऱ्या कडेला आणखी एक ठिगळ निघालं, आधीचं. म्हणजे ते दार कधीतरी उलट बाजूला बसवलं गेलं, वाटी हलवावी लागली आणि कुणीतरी सरळ चित्रातून भोक पाडलं. गोष्टीचा कणाच कापला गेला, पण दार छान सरकलं असणार.

वादाला तोंड फुटलं ते सल्लागार तज्ज्ञांमुळे. त्यांचं म्हणणं, मांजर उतरवा. नियमानं ते बरोबरच. आम्ही गेलेल्या जागी आजूबाजूशी जुळणारा सपाट रंग देतो, मनानं रेष काढत नाही. पण इथं तसं केलं असतं तर वर उचललेला पडदा, त्यातून निघालेली लाल दोरी आणि तिच्या टोकाला नुसता सोनेरी गोल राहिला असता. तज्ज्ञांना हे चाललं असतं. फाइल पाहून मत देणाऱ्यांना बरंच काही चालतं.

सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या गुरुजींनी, ठिगळ बोटानं चाचपलं. "घट्ट आहे. मग हात कशाला लावायचा?" एवढंच बोलले. मालकांनाही मांजर हवं होतं. ते राहिलं. मी पट्ट्याचा सुटणारा लाल रंग पातळ सरसानं बसवला आणि तज्ज्ञांचा लेखी विरोध अहवालाला जोडला.

माझी अडचण मात्र वेगळीच आहे. पडद्यापासून गोलाच्या कडेपर्यंत दोरी जुनी आहे, ताणलेली, एका झटक्यात ओढलेली रेष. गोलाच्या आत शिरल्यावर ती सैल पडते, वेटोळं घेते. आणि मांजर बसलंय! शेपटी पायांभोवती, मान पडद्याआडच्या बायकांकडे वळवलेली. गोष्टीत ते मोठ्या मांजराला घाबरून सुसाट बाहेर पळतं. बसलेल्या मांजरानं पडदा कसा उचलला जाईल? ज्यानं मांजर परत आणलं त्याला इथं मांजर होतं हे ठाऊक होतं, पण ते काय करत होतं हे नव्हतं. की पळतं मांजर काढणं जमणार नाही म्हणून त्यानं ते बसवलं? इन्फ्रारेडमध्ये रंगाखालचं शाईचं रेखाटन दिसतं. गोलात ते एकच आहे, न खोडलेलं, बसलेल्या मांजराचंच. पळत्याचा त्यानं प्रयत्नसुद्धा केलेला नाही.