कोरड्या सोलापुरात ओली भिंत

बेडरूमच्या भिंतीला बुरशी आली म्हणून सांगितलं, तर सोलापुरात समोरचा आधी हसतो. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उन्हाळ्यात पारा 43 च्या पुढं. इथं ओल यायची कुठनं?

नळातनं.

जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. एप्रिलात कपाटातल्या चादरींना कुबट वास यायला लागला. सासूबाईंनी गठ्ठा उचलला, तर तळातल्या चादरीवर मोहरी सांडावी तसे काळे ठिपके. कपाट ओढलं. मागं पोपडे सुटलेले, कडेनं पांढरा लोणा (ओलीबरोबर भिंतीतनं बाहेर येणारे क्षार) आणि मधोमध हिरवट-काळा पट्टा.

पेंटर म्हणाला, "डॅम्पप्रूफचा एक हात मारू, वर पुट्टी, विषय संपला." भर उन्हाळ्यात भिंत ओली कशी, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. चहा पाजून परत पाठवला. पाणी आतनं येत असेल तर वरून कितीही लेप द्या, ते मागं साचतं आणि एक दिवस पुट्टीसकट सगळं सोलून काढतं.

आधी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवला. थेंब खोलीच्या बाजूनं धरले असते तर दोष घरातल्या दमट हवेचा, म्हणजे वाफ, आत वाळत घातलेले कपडे वगैरे. आमचे थेंब आतल्या बाजूला होते. मग डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारून तारीख घातली. चार दिवस डाग जागचा हलला नाही. ज्या रात्री पाणी आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र रेघ ओलांडून बोटभर पुढं!

आमच्याकडं पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. आलं की टाकी, पिंप, बादल्या, कळशा, जे रिकामं दिसेल ते भरायचं. आमच्या भिंतीच्या बरोबर वर, वरच्या मजल्यावरच्या काकांच्या बाथरूमचा कोपरा, आणि त्यात त्यांचं मोठं पिंप. नळ चालू ठेवून काका झोपतात.

"आमच्याकडं कुठं गळतंय? फरशी कोरडी आहे की," काका म्हणाले. प्लंबरनं वाद घातला नाही. नहाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीतलं पाणी जायच्या भोकाला, कापडाचा बोळा लावला, फरशीवर पाणी साठवलं आणि त्यात होळीचा उरलेला गुलाबी रंग कालवला. संध्याकाळी आमच्या भिंतीवरच्या लोण्याला गुलाबी छटा. "बघा, वरनंच येलालंय," प्लंबर म्हणाला. ट्रॅपच्या भोवतीचं सिमेंट सुटलं होतं. एरवी पाणी सरळ निचरायचं, पण पिंप वाहून पाणी तुंबलं की त्या फटीत उतरायचं.

खर्चावरून जरा घासाघीस झाली. बाहेरच्या कॉमन पाइपची गळती असती तर सोसायटीनं बघायचं. फ्लॅटच्या आतलं काम ज्याचं त्यानं. काकांनी शेवटी ट्रॅप नव्यानं बसवून घेतला.

आमच्याकडचं काम जास्त किचकट. बुरशी कोरडी खरवडायची नाही, कण घरभर उडतात. आधी ओली करायची, तोंडाला मास्क, खिडकी उघडी. लोण्याचं मात्र उलटं: तो कोरड्या ब्रशनंच झाडायचा, धुतला तर क्षार विरघळून परत भिंतीत. आणि बुरशीसाठी ब्लीच वापरलं तर त्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. सुटलेला गिलावा विटेपर्यंत काढला आणि भिंत तशीच उघडी ठेवली. पाहुणे आले की सासूबाई दार लोटून घ्यायच्या. वाळवायच्या कामात मात्र सोलापूरच्या उन्हाला तोड नाही. प्लॅस्टिकचा नवा तुकडा डकवला, तो कोरडा राहिला, मगच गिलावा आणि पेंटर.

काकांना म्हटलं, पिंपाला बॉल कॉक लावा, पाणी भरलं की नळ आपोआप बंद होतो. ते म्हणतात, त्यानं पिंप काठोकाठ भरत नाही. त्यामुळं आता पाणी आलं की रात्री मीच त्यांना फोन करून उठवते.