६,००० किलोमीटरचा आराखडा : सुटायला चार आठवडे

सद्यस्थिती : अंतर ६,००० किमी, एकूण २४ दिवस, त्यातले ५ मुक्कामाचे. उरलेल्या १९ दिवसांत रोजची सरासरी ३१६ किमी. गाडी म्हणजे मोटरसायकल, ३५० सीसी, एक सिलिंडर, १३ लिटरची टाकी, स्पोकची चाकं, म्हणजे ट्यूब आलीच. स्वार एकटा. मार्ग पक्का झाला, बजेट दुसऱ्यांदा मांडलं, गाडीचं काम अजून निम्मं बाकी.

पहिलं बजेट रद्द केलं, कारण त्यात सगळा खर्च एकाच यादीत होता. एक दिवस वाढला किंवा २०० किमी कमी झाले तर आकडा किती हलेल, हे त्यातून कळतच नव्हतं. आता तीन कप्पे केले आहेत : किलोमीटरमागचा खर्च, दिवसामागचा खर्च आणि एकदाच होणारा खर्च. मोजायचं एकक म्हणजे एका भरलेल्या टाकीची किंमत. जरा विचित्र वाटेल, पण प्रवासात हाच आकडा सतत डोळ्यांसमोर असतो आणि त्यात तुलना पटकन होते.

पेट्रोल : रिकाम्या गाडीचं मायलेज ३५ आहे, हिशेबात ३० धरलं. दोन्ही बाजूंना पेट्या लागल्या की वाऱ्याला आडवी येणारी रुंदी वाढते, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. ८० वरून १०० वर गेलं की रोध दीडपटीहून जास्त होतो. ६,००० भागिले ३० म्हणजे २०० लिटर. चुकलेली वळणं आणि गावातलं फिरणं यांसाठी १० टक्के वाढवून २२०, म्हणजे १७ टाक्या. राहणं-जेवण दिवसाला दीड टाकी धरलं, म्हणून २४ दिवसांच्या ३६. टायर, चेनसेट (चेन आणि तिची दातेरी चाकं) आणि ऑइलची झीज ५, निघण्याआधीचं काम ८, हत्यारं आणि सुटे भाग ६. बेरीज ७२. त्यावर २० टक्के राखीव धरून साधारण ८६ टाक्या.

झिजेचा कप्पा बहुतेक जण गाळतात, कारण ते पैसे वाटेत जात नाहीत, परतल्यावर जातात. मागचा टायर १२,००० किमी चालतो असं धरलं तर या एका प्रवासात तो अर्धा संपतो. सरळ महामार्गावर तो मधोमध सपाट होतो आणि मग वळणात गाडी एकदम पडल्यासारखी झुकते. त्यामुळे नक्षी शिल्लक दिसते म्हणून अर्धा झिजलेला टायर घेऊन निघण्यात बचत नाही. नवा घेताना तो कधी बनला ते सांगणारे बाजूवरचे चार अंक वाचायचे. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे.

या मांडणीतून एक गोष्ट उघड झाली. मायलेज १० टक्क्यांनी सुधारलं तर दीड टाकी वाचते, आणि एक दिवस कमी केला तरीही दीडच. मग दिवस कापण्याचा मोह होतो. पण अंतर तेवढंच ठेवून दिवस कमी केले की रोजचे किलोमीटर वाढतात, अंधारात चालवणं येतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी थकवा वसूल होतो. अंतर कापलं तर मात्र तिन्हीकडून फायदा. ६०० किमीचा एक फाटा वगळला तर दोन दिवस, दीड-पावणेदोन टाक्या पेट्रोल आणि तेवढी झीज वाचते. म्हणून खर्च जास्त वाटला तर हॉटेल स्वस्त करण्याआधी नकाशाला कात्री लावायची.

पेट्रोल भरायचा टप्पा २५० किमी ठरवला. समोरचा वारा आणि खराब रस्ता धरून मायलेज २५ वर आलं, तरी २ लिटर राखून २७५ किमी जाता येतं. वेगळा कॅन त्यामुळे यादीतून गेला.

गाडीकडे वळू. ब्रेक फ्लुइड बदललं. या गाडीतलं डॉट ४ प्रकारचं फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. ताज्याचा उकळबिंदू किमान २३० अंश, ओलावलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब घाटउतारावर तापून फ्लुइड उकळलं की ब्रेकचा लिव्हर अचानक मऊ लागतो तो यामुळे. नवी क्लच केबल जुनीच्या शेजारूनच ओवून, टोकं टेपनं बंद करून ठेवली. तुटली तर टाकी न उतरवता फक्त दोन टोकं जोडायची.

चेनचा ढिलेपणा सामान चढवून, स्वार बसवून तपासायचा. सामानानं मागचा भाग दबला की पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याची) खीळ आणि मागचा अॅक्सल एका रेषेत यायला लागतात, आणि चेन सर्वांत ताणली जाते तिथेच. रिकाम्या गाडीवर 'छान घट्ट' केलेली चेन गिअरबॉक्सचं बाहेरचं बेअरिंग आणि सील खाते. ओ-रिंगची चेन (सांध्यांत वंगण धरून ठेवणाऱ्या रबरी कड्यांची) पेट्रोलनं किंवा तारेच्या ब्रशनं घासायची नाही. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. वंगण दर ५०० किमीला, मुक्कामी पोचल्यावर चेन गरम असताना, म्हणजे रात्रभर मुरतं.

पंक्चरची तालीम एकदा झाली, फक्त सोबत नेणाऱ्या हत्यारांनी. तिथेच कळलं की गाडीबरोबरच्या किटमध्ये मागच्या अॅक्सलच्या नटाचा पान्हाच नाही. नवी ट्यूब आत घालताना थोडी हवा भरायची, नाहीतर टायर चढवायच्या लिव्हरखाली चिमटून दुसरं पंक्चर तयार. टायरची कड विरुद्ध बाजूला रिमच्या खोलगट भागात दाबून ठेवली तर शेवटचा वीतभर भाग जोर न लावता बसतो. त्याआधी टायरच्या आतून बोटं जपून फिरवायची. काटा तिथेच असेल तर सगळी मेहनत वाया.

सामानाची मर्यादा ३० किलो. हत्यारं खाली आणि इंजिनाजवळ, कपडे वर. मागच्या अॅक्सलच्या पलीकडे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरतं. कॅरिअरचे बोल्ट मध्यम ताकदीचं लॉकिंग द्रव लावून कसले, प्रत्येकावर रंगाची रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सैल.

बाकी : पूर्ण सामानासह ३०० किमीची चाचणी. त्यात बघायचं ते असं : सायलेन्सरकडची पिशवी तापते का, हेडलाइटचा झोत वर चढतो का (चढला तर आधी मागच्या स्प्रिंगचा ताण म्हणजे प्रीलोड, मग लाइट), साइड स्टँडवर गाडी किती कलते, मागच्या टायरची थंड असतानाची हवा मॅन्युअलमधल्या वजनासहच्या आकड्याला आहे का. चाचणीनंतर कॅरिअरचा प्रत्येक वेल्ड हातानं पुसून तडा शोधायचा. राखीव १४ टाक्यांचे पैसे दोन कार्डांवर विभागायचे. एक खिशात, दुसरं सीटखाली.